सगळी सहाय्ये एकदम बंद केल्यावर गाडी का फिरते? फोर्झा होरायझन ५ खेळणाऱ्या एका नवख्याला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मी जसा समजलो तसा आधी मांडतो. तुम्ही एक्सबॉक्स सिरीज एसवर गेमपॅडने 'फोर्झा होरायझन ५' खेळता. सुरुवातीला सगळी सहाय्ये, म्हणजे गाडी सांभाळायला खेळाने दिलेल्या मदती, चालू होती, तेव्हा गाडी जणू स्वतःच चालते आहे असे वाटून कंटाळा आला. मग चित्रफितींमध्ये ऐकलेल्या सल्ल्यानुसार तुम्ही ट्रॅक्शन कंट्रोल (वेग वाढवताना चाके घसरू न देणारे), स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी तिरकी होऊ न देणारे), एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारे) आणि ड्रायव्हिंग लाइन (वळणाची वाट आणि ब्रेकची जागा दाखवणारी रंगीत रेषा) हे सगळे एकाच बैठकीत बंद केले, स्टिअरिंग 'सिम्युलेशन'वर ठेवले, आणि आता एस१ वर्गातली (खेळात गाड्यांचे कामगिरीनुसार डी, सी, बी, ए, एस१ असे चढते वर्ग असतात) मागच्या चाकांवर चालणारी गाडी प्रत्येक वळणावर एकतर गरकन फिरते किंवा सरळ शेतात जाते. तुम्ही अनेक वर्षे रस्त्यावर गाडी चालवत आहात, त्यामुळे तुम्हाला प्रश्न पडला आहे की चूक खेळाची आहे की तुमची, आणि स्टिअरिंग व्हील विकत घेतल्यास हे सुटेल का.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे म्हणणे कोणत्या अनुभवातून येते ते कळेल. मी व्यवसायाने वाहनांच्या सस्पेन्शन आणि हाताळणीच्या चाचण्यांवर काम करणारा अभियंता आहे आणि फावल्या वेळात एका सिम्युलेटर केंद्रात नवशिक्यांना शिकवतो. तिथे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पहिला अनुभव तुमच्यासारखाच असतो. माझ्या मते तुमची खरी अडचण व्हीलच्या अभावाची नाही, आणि कौशल्याच्या अभावाचीही फारशी नाही. तुम्ही टायरकडून एकाच क्षणी दोन कामे पूर्ण ताकदीने मागत आहात, आणि ती मागणी टायरला झेपत नाही हे सांगणाऱ्या खुणा तुम्हाला अजून ओळखता येत नाहीत. शिवाय निवडलेली गाडी इतकी वेगवान आहे की त्या खुणा ओळखायला वेळच उरत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करतो. तुमचा टीव्ही 'गेम मोड'मध्ये आहे की नाही, तुम्ही खेळ सेकंदाला ३० चित्रांच्या पर्यायावर चालवता की ६० च्या, गेमपॅडची स्टिक जुनी होऊन सैल झाली आहे का, या गोष्टी मला दिसत नाहीत, आणि त्यांचा फरक मोठा असतो. म्हणून बाकी काहीही करण्याआधी टीव्हीचा 'गेम मोड' चालू करा आणि खेळाच्या सेटिंगमध्ये 'परफॉर्मन्स' निवडा. चित्राची झळाळी थोडी कमी होईल. मात्र बोटाची हालचाल आणि पडद्यावरची हालचाल यांतले अंतर घटेल, आणि घसरणारी गाडी सावरताना हेच अंतर सर्वाधिक महाग पडते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा खेळ वास्तव आहे की नाही, याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण अशा खेळांत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र नांदतात. इंग्लंडच्या प्लेग्राउंड गेम्स या कंपनीने ९ नोव्हेंबर २०२१ रोजी आणलेल्या या खेळात तुम्ही मेक्सिकोतील ज्वालामुखीच्या उतारावरून हवेत उडी घेऊ शकता, निवडुंगांच्या रानातून ताशी २०० किलोमीटर वेगाने जाऊ शकता, भिंतीवर आदळून पुन्हा शर्यतीत येऊ शकता, आणि वाय बटण दाबून गेलेले क्षण परत आणू शकता. हा सगळा आर्केडचा, म्हणजे वास्तवापेक्षा मौजेला महत्त्व देणारा, भाग झाला. परंतु चाक आणि रस्ता यांच्यातले गणित, म्हणजे पकड किती आहे, वजन कोणत्या चाकावर सरकले, कोणते चाक घसरू लागले, हे त्याच मालिकेच्या बंदिस्त ट्रॅकवरच्या खेळांच्या परंपरेतून आलेले आहे आणि त्याचा स्वभाव खऱ्या गाडीच्या स्वभावाशी बऱ्यापैकी जुळतो. मी विद्यार्थ्यांना हे असे समजावतो की या खेळात कारणे खरी आहेत आणि परिणाम सौम्य केलेले आहेत. तुमची गाडी वळणावर फिरते तेव्हा ती खऱ्या कारणानेच फिरते. फक्त त्यानंतर रुग्णालयात जावे लागत नाही.

मग रस्त्यावरचा तुमचा अनुभव इथे का उपयोगी पडत नाही? कारण रोजच्या वाहतुकीत आपण टायरच्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. शहरात किंवा महामार्गावर समजूतदारपणे गाडी चालवताना वळणावरचा किंवा ब्रेकचा जोर साधारणपणे गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांशापलीकडे क्वचितच जातो, तर कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची मर्यादा त्याच्या तिप्पट, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ एवढी असते. मधला हा सारा प्रदेश रोजच्या चालकाने पाहिलेलाच नसतो, आणि तो पाहू नये हेच रस्त्यावर योग्य आहे. शर्यतीचा खेळ मात्र पूर्णपणे याच प्रदेशात घडतो. त्यामुळे अनेक वर्षे गाडी चालवलेली व्यक्ती आणि कधीच न चालवलेली व्यक्ती या खेळात जवळजवळ सारख्याच ठिकाणाहून सुरुवात करतात, हे मी केंद्रात वारंवार पाहतो.

यात वर्गाची निवड किती निर्णायक ठरते, हे आकड्यांनी दाखवतो. समजा ५० मीटर त्रिज्येचे एक वळण आहे आणि टायरची पकड गुरुत्वाकर्षणाएवढी आहे. ते वळण जास्तीत जास्त ताशी ८० किलोमीटर वेगाने घेता येईल, मग गाडी कोणतीही असो. तेच वळण ताशी १०० ने घ्यायचे तर दीडपटीहून अधिक पकड लागेल, आणि ती कुठूनही येणार नाही. आता डी वर्गातली साधी गाडी त्या वळणापाशी ताशी ११० किलोमीटरने पोहोचते असे धरा. तिला ८० वर यायला सुमारे २२ मीटर लागतात. एस१ वर्गातली गाडी त्याच सरळ रस्त्यावर २०० गाठून पोहोचते, आणि तिला ८० वर यायला सुमारे १३० मीटर हवे असतात, कारण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या, म्हणजे वेग गुणिले वेग या, प्रमाणात वाढते. शिवाय ताशी २०० वेगाने गाडी दर सेकंदाला ५५ मीटर कापते, म्हणजे ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला की २७-२८ मीटर हातचे गेले. तुम्ही जे अंतर चुकवता आहात ते तुमच्या डोळ्यांना अजून मोजता येत नाही, आणि पहिल्या काही आठवड्यांत ते कोणालाच मोजता येत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की एस१ वर्गाची गाडी काही काळ गॅरेजमध्येच राहू द्या. १९९४ ची माझदा एमएक्स-५ घ्या. ती हलकी आहे, मागच्या चाकांवर चालते, पुढच्या आणि मागच्या चाकांवर तिचे वजन जवळजवळ समान वाटलेले आहे, आणि मूळ स्थितीत ती डी वर्गात येते. तिच्या इंजिनात एवढी ताकद नाही की कोरड्या रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटरच्या एका धक्क्याने ती गरकन फिरेल. त्यामुळे ती फिरली तर कारण जवळजवळ नेहमी ब्रेक किंवा स्टिअरिंग हेच असते, आणि कारण एकच असले की ते ओळखता येते. शक्तिशाली गाडीत तीन-चार कारणे एकाच क्षणी काम करतात. शिकणाऱ्याला त्यांतून काहीच उलगडत नाही.

आता टायरविषयी, कारण या उत्तराचा खरा गाभा तिथे आहे. प्रत्येक टायरकडे एका क्षणी पकडीचा ठरावीक साठा असतो, आणि तो ब्रेक, वेगवाढ आणि वळणे यांत वाटून घ्यावा लागतो. पूर्ण साठा ब्रेकसाठी वापरला तर वळण्यासाठी काहीही उरत नाही. तुमची गाडी सरळ शेतात जाते ती याच कारणाने. तुम्ही घाबरून ब्रेक पूर्ण दाबता, एबीएस बंद असल्याने पुढची चाके जाम होतात, आणि जाम झालेले चाक कितीही वळवले तरी ते नुसते पुढे घसटत राहते. मात्र ही वाटणी सरळ वजाबाकीची नाही, आणि ही गोष्ट बहुतेक नवख्यांना ठाऊक नसते. ब्रेकला ८० टक्के पकड दिली तर वळण्यासाठी २० टक्के नव्हे, तर जवळजवळ ६० टक्के शिल्लक राहते, कारण ही दोन बळे एकमेकांना काटकोनात असतात आणि त्यांची बेरीज वर्तुळाच्या नियमाने होते. याचा अर्थ असा की ब्रेक थोडासाच सोडला तरी गाडीला वळण्याची मोठी मोकळीक मिळते. सरळ रस्त्यावर जोरात ब्रेक लावायचा, आणि मग स्टिअरिंग जितके आत न्याल तितके ब्रेकवरचे बोट हळूहळू सैल करत जायचे, हे तंत्र शर्यतीचे चालक आयुष्यभर घासत राहतात, आणि त्याचा पाया एवढाच आहे.

गाडी फिरते त्याचे कारण बहुधा मागच्या चाकांवरून उठलेले वजन असते. एक हजार किलोची गाडी घ्या, तिचा गुरुत्वमध्य रस्त्यापासून अर्धा मीटर उंच आणि पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर अडीच मीटर धरा. टायरच्या पूर्ण मर्यादेवर ब्रेक लावला की सुमारे २०० किलो वजन मागून पुढे सरकते. आधी पुढे ५०० आणि मागे ५०० असलेला भार आता पुढे ७०० आणि मागे ३०० होतो. अशा हलक्या झालेल्या मागच्या भागासह तुम्ही स्टिअरिंग झटक्याने फिरवले, तर पुढची चाके उत्साहाने वळतात आणि मागची चाके त्यांना साथ देऊ शकत नाहीत. वळणाच्या मध्यावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला तरी हेच घडते, कारण इंजिनच्या रोधाने वजन पुन्हा पुढे झुकते. वाईट भाग असा की आपली प्रत्येक नैसर्गिक प्रतिक्रिया चुकीच्या दिशेची असते: गाडी घसरते आहे असे वाटताच आपण अ‍ॅक्सिलरेटर सोडतो किंवा ब्रेक दाबतो, आणि दोन्हींमुळे मागचा भाग आणखी हलका होतो. यावर उपाय म्हणजे वळणात शिरताना वेग थोडा कमीच ठेवणे, आणि वळणाच्या मध्यापासून अ‍ॅक्सिलरेटर अगदी हलका दाबून ठेवणे, म्हणजे वजन मागे येऊन बसते. दूध उतू जाऊ नये म्हणून आच जशी आपण एकदम विझवत नाही, मंद करत नेतो, तसे बोट हवे.

इथे गेमपॅडचा प्रश्न येतो. खऱ्या गाडीत किंवा चांगल्या सिम्युलेटरमध्ये स्टिअरिंग व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ९०० अंश फिरते, तर गेमपॅडची स्टिक अंगठ्याच्या किंचितशा हालचालीत मधल्या स्थानापासून टोकाला जाते. एवढ्याशा हालचालीत सूक्ष्मपणा आणणे मानवी अंगठ्याला शक्य नाही, म्हणून खेळ तुमच्या आणि चाकांच्या मध्ये एक गाळणी ठेवतो: वेग जास्त असला की चाके किती आणि किती झपाट्याने वळतील यावर तो मर्यादा घालतो. 'स्टँडर्ड' स्टिअरिंगमध्ये ही गाळणी पुरेशी काम करते. 'सिम्युलेशन'मध्ये ती बरीचशी काढून घेतलेली असते. 'सिम्युलेशन'चा पर्याय व्हील वापरणाऱ्यांसाठी अर्थपूर्ण आहे. गेमपॅडवर तो घेण्याने वास्तव वाढत नाही, कारण अंगठ्याने चाक वळवणे मुळातच वास्तवात नाही. तुम्ही हा एकच पर्याय बदलून 'स्टँडर्ड' केलात तरी तुमचे निम्मे गरगर फिरणे आजच थांबेल, असा माझा अंदाज आहे.

याच मुद्द्याला जोडून एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते, कारण चित्रफितींमधून तो फार पसरला आहे. सगळी सहाय्ये बंद म्हणजेच खरी शर्यत, असे सांगितले जाते. हे खरे नाही. जगभरच्या जीटी३ (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवर बेतलेल्या शर्यतीच्या गाड्यांचा वर्ग) शर्यतींतल्या गाड्यांना एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्हींची परवानगी असते आणि जगातले उत्तम चालक ती वापरतात. फॉर्म्युला वनमध्ये १९९४ पासून एबीएसला आणि २००८ पासून ट्रॅक्शन कंट्रोलला बंदी आहे हे खरे. पण तो त्या स्पर्धेचा नियम आहे, शुद्धतेची कसोटी नव्हे. खुद्द व्हिडिओ गेम पार्लरमधल्या जुन्या यंत्रांनाही हा भेद ठाऊक होता. सेगा कंपनीसाठी यू सुझुकी यांच्या देखरेखीखाली १९९९ मध्ये आलेल्या 'एफ३५५ चॅलेंज'चे मोठे यंत्र तीन पडद्यांचे होते, आणि त्यात स्थिरता, ट्रॅक्शन, एबीएस आणि ब्रेकिंग यांची सहाय्ये स्वतंत्रपणे चालू-बंद करण्याची सोय होती. त्यामागचा विचार मला आजही अगदी योग्य वाटतो: खेळाडूने आपल्या हातांची क्षमता ओळखून एकेक सहाय्य कमी करत जावे.

त्यामुळे तुम्हाला मी सुचवतो तो क्रम असा आहे, आणि प्रत्येक पायरीमागचे कारणही सांगतो. आरंभी ब्रेकचा पर्याय 'एबीएस चालू' ठेवा. जिथे खेळ स्वतः ब्रेक लावतो तो सहाय्यक पर्याय मात्र नको, कारण तुम्हाला कंटाळा आला तो नेमका त्याच्यामुळे. ब्रेक कधी लावायचा हा निर्णय काढून घेतला की शर्यतीत खेळाडूसाठी फारसे काही उरतच नाही. ट्रॅक्शन कंट्रोल चालू राहू द्या. त्यानंतर सर्वप्रथम स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करा. हे अनेकांना उलटे वाटते, पण कारण असे आहे की हे सहाय्य गाडी थोडी जरी तिरकी झाली तरी एखाद्या चाकाला ब्रेक लावून आणि इंजिनची ताकद कापून तिला सरळ करते, आणि त्यामुळे वजन सरकल्याचा जो परिणाम तुम्हाला अनुभवायचा आहे तोच झाकला जातो. एमएक्स-५ सारख्या कमी ताकदीच्या गाडीत ते बंद ठेवणे सुरक्षित आहे, आणि त्याच क्षणी गाडी जिवंत वाटू लागते.

दुसरी पायरी ड्रायव्हिंग लाइनची. ती पूर्ण बंद न करता 'फक्त ब्रेकिंग' वर आणा. पूर्ण रेषा दिसत असली की नजर गाडीच्या नाकासमोरच्या रंगावर खिळते आणि वळणाचा शेवट दिसतच नाही. फक्त ब्रेकचा भाग दिसू लागला की तो तुम्हाला अंतराचा अंदाज देतो आणि बाकी रस्ता तुम्ही स्वतः पाहू लागता. ती रेषा सावध अंदाज देते, तुमच्या गाडीची खरी मर्यादा दाखवत नाही, म्हणून काही दिवसांनी तुम्हीच तिच्या थोडे पुढे जाऊन ब्रेक लावू लागाल. तेव्हा तीही काढा.

तिसरी पायरी गिअरची. क्लचशिवायचा मॅन्युअल पर्याय घ्या, कारण ऑटोमॅटिक गिअर कधीकधी नेमका वळणाच्या मध्यावर बदलतो आणि त्या क्षणी मागच्या चाकांवरचा भार हलतो. गिअर तुमच्या हातात आला की तुम्ही इंजिनचा आवाज ऐकू लागता, आणि या खेळातली अर्धी माहिती आवाजातच असते.

ट्रॅक्शन कंट्रोल सर्वांत शेवटी, आणि तेही बी किंवा ए वर्गापर्यंत पोहोचल्यावर, कारण खालच्या वर्गात त्याचा उपयोगच फारसा होत नाही. एबीएस गेमपॅडवर कायम चालू ठेवले तरी काही बिघडत नाही. भारतात २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे, तेव्हा तुम्ही रस्त्यावर जी गाडी चालवता तिच्यातही ते बहुधा असेलच.

आता खुणा वाचण्याविषयी, कारण सहाय्ये काढली तरी माहिती नसेल तर हात आंधळेच राहतात. खऱ्या गाडीत चालकाला घसरण सर्वांत आधी कमरेला आणि पाठीला जाणवते; आसनातून येणारा तो संदेश घरच्या सोफ्यावर बसून कधीच मिळणार नाही. खेळ त्याची भरपाई तीन मार्गांनी करतो. पहिला मार्ग टायरचा आवाज. टायर मर्यादेजवळ येताना बारीक किंचाळू लागतो आणि मर्यादा ओलांडली की आवाज जाडा, घासल्यासारखा होतो. त्या बारीक आवाजावर गाडी टिकवून ठेवणे हेच कौशल्य आहे. म्हणून खेळातले संगीत सरावाच्या वेळी बंद ठेवा आणि शक्य असेल तर हेडफोन लावा. दुसरा मार्ग ट्रिगरमधला कंप. तुमच्या गेमपॅडच्या दोन्ही ट्रिगरमध्ये स्वतंत्र कंपनयंत्रे आहेत: ब्रेकची चाके जाम होऊ लागली की डावा ट्रिगर थरथरतो, इंजिनच्या ताकदीने चाके घसरू लागली की उजवा. डावा थरथरला की बोट किंचित सैल, उजवा थरथरला की बोट किंचित वर, एवढे प्रतिक्षिप्त झाले तरी वळणे शांत होऊ लागतात. तिसरा मार्ग डोळ्यांचा, आणि तो तिघांत सर्वांत मंद आहे. गाडी तिरकी झालेली दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. माझ्याकडे येणारे जवळजवळ सर्व नवखे सुरुवातीला फक्त डोळ्यांवर विसंबतात, आणि त्यांची प्रगती अडते ती तिथेच.

डोळ्यांचाच विषय निघाला आहे तर कॅमेऱ्याबद्दलही सांगतो. चालकाच्या आसनावरून दिसणारे दृश्य अधिक खरे आणि गाडीच्या मागून दिसणारे दृश्य बालिश, असे मानले जाते. लांब ठेवलेल्या टीव्हीवर आसनावरचे दृश्य फार अरुंद होते आणि वळणाचा आतला कोपरा दिसत नाही. मागचा कॅमेरा गाडी रस्त्याशी किती कोन करून उभी आहे हे थेट दाखवतो, म्हणजे कमरेला मिळणारी जी माहिती तुम्हाला मिळत नाही ती काही अंशी डोळ्यांना देतो. गेमपॅड आणि टीव्ही या जोडीसाठी मी तोच सुचवतो.

सराव कुठे करावा, हाही प्रश्न आहे. संगणकाने चालवलेल्या इतर गाड्यांबरोबरच्या शर्यतीत शिकणे कठीण जाते, कारण पहिल्याच वळणावर धक्के बसतात आणि कोणती चूक तुमची हे कळत नाही. त्याऐवजी 'रायव्हल्स' या प्रकारात जा, जिथे तुम्ही एकटेच असता आणि दुसऱ्या खेळाडूची पारदर्शक गाडी फक्त वाट दाखवते. ट्रॅक म्हणून होरायझन मेक्सिको सर्किट घ्या. ते डांबरी आहे आणि त्यात वेगवेगळ्या त्रिज्यांची वळणे आहेत. एका बैठकीत एकाच वळणाकडे लक्ष द्या. ब्रेक लावण्यासाठी रस्त्याकडेची एक ठळक खूण निवडा, प्रत्येक फेरीत तिथेच ब्रेक लावा, आणि बाहेर पडताना गाडी रस्त्याच्या पार कडेपर्यंत आपोआप जाते का ते पाहा. कडेला बरीच जागा उरत असेल तर वेग कमी होता. कडेबाहेर जात असेल तर अ‍ॅक्सिलरेटर लवकर दाबला होता. एवढ्या दोन निरीक्षणांवर बरेच काही सुधारते.

रिवाइंडबद्दल, म्हणजे वाय बटणाने वेळ मागे नेण्याबद्दल, खेळाडूंमध्ये थोडी लाज असते, ती मला अनाठायी वाटते. परिणाम सौम्य केल्याचा खरा फायदा शिकणाऱ्याला तिथेच मिळतो. सिम्युलेटर केंद्रात एकच वळण पुन्हा घ्यायचे तर पूर्ण फेरी मारून परत यावे लागते. इथे गाडी फिरल्यावर चार सेकंद मागे जाऊन तोच क्षण, त्याच वेगाने, दुसऱ्या प्रकारे घेता येतो. रायव्हल्समध्ये रिवाइंड वापरल्यास ती फेरी नोंदीसाठी बाद धरली जाते, पण सरावात त्याची चिंता करू नका. फक्त एक शिस्त पाळा: मागे जाण्याआधी गाडी का फिरली याचे कारण मनात एका वाक्यात मांडा, आणि पुन्हा घेताना तेवढीच एक गोष्ट बदला. कारण मांडता आले नाही तर टेलिमेट्रीचा पडदा उघडा. त्यात चारही टायरची पकड वेगवेगळी दिसते आणि आधी पुढचे टायर हरले की मागचे, हे लगेच कळते.

थोडक्यात, आजच्या आज करायचे बदल असे: स्टिअरिंग 'स्टँडर्ड', एबीएस चालू, स्टॅबिलिटी बंद, ट्रॅक्शन चालू, रेषा फक्त ब्रेकची, डी वर्गातली एमएक्स-५, संगीत बंद, आणि एकच वळण. गाडीत कोणतेही सुधारित भाग बसवू नका आणि कुणाचे तयार ट्यूनिंगही उतरवून घेऊ नका, कारण मग गाडीचा मूळ स्वभाव तुम्हाला कळणार नाही. वर्ग कधी वाढवायचा याचे माझे माप असे आहे की सलग काही फेऱ्या रिवाइंड न वापरता पूर्ण झाल्या आणि त्यांच्या वेळा एकमेकींच्या जवळ आल्या की पुढच्या वर्गात जावे. एखादी फेरी फार वेगवान होणे हे लक्षण नव्हे. फेऱ्या सारख्या होणे हे लक्षण आहे. सी, बी आणि ए वर्गांतून जाताना प्रत्येक ठिकाणी ब्रेकची खूण मागे सरकत जाईल, आणि एस१ मध्ये परत याल तेव्हा १३० मीटर म्हणजे किती हे तुमच्या डोळ्यांना आधीच माहीत असेल.

ओल्या रस्त्याबद्दल एवढेच सांगतो की पावसात वरचे सगळे नियम तेच राहतात, फक्त पकडीचा साठा लहान होतो, त्यामुळे प्रत्येक हालचाल अधिक सावकाश हवी आणि साचलेल्या पाण्यावरून जाताना स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही स्थिर ठेवावेत. कच्च्या रस्त्यावर तर थोडे घसरणे हीच वळण्याची पद्धत असते, आणि तो वेगळा अभ्यास आहे. डांबर जमल्यावर त्याकडे वळा.

शेवटी तुमचा खरेदीचा प्रश्न. केवळ होरायझन ५ साठी स्टिअरिंग व्हील घेऊ नका. हा खेळ गेमपॅड डोळ्यांसमोर ठेवून रचलेला आहे, त्यात उड्या, माळरान आणि अचानक उलटे फिरणे यांचा भाग मोठा आहे, आणि तिथे ९०० अंश फिरणारे व्हील थकवते. वेगवान खेळाडूंपैकी पुष्कळजण त्यात गेमपॅडच वापरतात. व्हीलचे मोल खऱ्या अर्थाने बंदिस्त ट्रॅकवरच्या खेळांत, म्हणजे तुमच्याच कन्सोलवर चालणाऱ्या २०२३ च्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट' किंवा 'असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने' सारख्या खेळांत कळते, कारण तिथे व्हीलमधून येणारा विरोधी जोर पुढच्या टायरची स्थिती थेट हातांना सांगतो. काही महिने वरच्या पद्धतीने खेळल्यावर तुमची ओढ त्या खेळांकडे जाते आहे असे दिसले, आणि घरात व्हील घट्ट बसवता येईल असे भक्कम टेबल व पेडल सरकणार नाहीत अशी जागा असेल, तर जरूर घ्या. लॉजिटेकचे जी९२० किंवा जी९२३ ची एक्सबॉक्ससाठीची आवृत्ती तुमच्या कन्सोलवर चालेल. दिसायला जवळजवळ तसेच असलेले जी२९ प्लेस्टेशन आणि संगणकासाठी आहे व ते एक्सबॉक्सवर चालत नाही, तेव्हा जुना माल घेत असाल तर खोक्यावरचा क्रमांक पाहूनच पैसे द्या.